अंतराचा खर्च कोण उचलतो? हावड्यातील रोजच्या प्रवासाचा इतिहास (१८५४–२०२५)

१. प्रस्तावना

पदवी हातात पडली की बहुतेक विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न उभा राहतो. घराजवळची कमी पगाराची नोकरी घ्यावी, की लांबची जास्त पगाराची? लांबची घेतली तर रोज अप-डाउन करावे, तिथेच खोली घेऊन राहावे, की गाडी घ्यावी? अलीकडे यात आणखी एक प्रश्न आला आहे: गाडी घ्यायचीच तर विजेवर चालणारी घ्यावी का?

हा प्रश्न आपण घरगुती हिशेबाचा समजतो. वस्तुतः त्याला इतिहास आहे. कोणत्या काळात माणसाला किती लांबची नोकरी करता आली, हे पूल, तिकिटाचे दर, घरभाडे आणि विजेच्या तारा यांनी ठरवले आहे. प्रस्तुत पाठात हा इतिहास आपण हावड्याच्या उदाहरणातून पाहणार आहोत.

हावडा निवडण्याचे कारण सोपे आहे. हुगळी नदीच्या पश्चिम काठावर हावडा आणि पूर्व काठावर कोलकाता आहे. रेल्वे पश्चिम काठावर येऊन थांबली. कचेऱ्या, बाजार आणि बंदर मात्र मुख्यतः पूर्व काठावर होते. त्यामुळे घर आणि काम यांच्यामधले अंतर येथे डोळ्यांना दिसते. संपूर्ण पाठात एक प्रश्न धरून ठेवायचा आहे: या अंतराचा खर्च प्रत्येक काळात कोणी उचलला? कामगाराने, मालकाने की समाजाने?

२. रेल्वे आली, पण नदी ओलांडली नाही

ईस्ट इंडियन रेल्वेची पहिली प्रवासी गाडी १५ ऑगस्ट १८५४ रोजी हावड्याहून हुगळीपर्यंत, म्हणजे २४ मैल धावली. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी त्याआधी सोळा महिने, १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली होती. १८५५ च्या फेब्रुवारीत हावड्याचा मार्ग राणीगंजच्या कोळसा खाणींपर्यंत पोहोचला. रोज कामावर जाणाऱ्यांची सोय हा या मार्गाचा हेतू नव्हता. कोळसा नदीकाठी आणणे आणि उत्तर भारताशी दळणवळण जोडणे हे त्याचे मुख्य हेतू होते. रोजचा प्रवासी हा रेल्वेचा नंतर तयार झालेला ग्राहक आहे.

कोलकात्याचा माणूस हावड्याला गाडी धरायला होडीने येई. पलीकडच्या आर्मेनियन घाटावर रेल्वेचे तिकीट मिळे आणि नदी ओलांडण्याचे भाडे त्यातच धरलेले असे. वादळात किंवा भरती-ओहोटीच्या ओढीत होडी अडकली तर वेळापत्रकाला अर्थ उरत नसे. अशा स्थितीत रोज ये-जा करून नोकरी टिकवणे अवघड होते.

१८७४ मध्ये सर ब्रॅडफोर्ड लेस्ली यांनी बांधलेला तरंगता पूल खुला झाला. पाण्यावर तराफे ठेवून त्यांवर सुमारे १,५२८ फूट लांबीचा रस्ता टाकलेला होता. आता बैलगाडी, पालखी आणि पायी चालणारा माणूस नदी ओलांडू शकत होता. मात्र जहाजांना वाट द्यायची तर पुलाचा मधला भाग बाजूला काढावा लागे आणि तेवढा वेळ रस्ता बंद होई. १९०६ पर्यंत हे काम फक्त दिवसा होत असे. त्या वर्षी समुद्री जहाजे वगळून बाकीच्या नौकांसाठी पूल रात्री उघडू लागला, तेव्हा दिवसाच्या रहदारीला थोडा मोकळेपणा मिळाला. कारकुनाची हजेरी आणि जहाजाची वाट यांच्यातल्या या झगड्यात बराच काळ जहाजाचे पारडे जड होते.

३. तीन पर्याय: वस्ती, मेस आणि डेली पॅसेंजर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कामगारासमोर साधारण तीन पर्याय होते.

पहिला पर्याय कामाच्या दारातच राहण्याचा. १८५५ मध्ये रिसडा येथे हुगळीकाठची पहिली ताग गिरणी निघाली आणि पुढे नदीच्या दोन्ही काठांवर गिरण्यांची रांग उभी राहिली. बिहार, संयुक्त प्रांत आणि ओडिशातून आलेले कामगार गिरणीलगतच्या लाइनींत किंवा बस्त्यांत राहत. रोजचा प्रवास काही मिनिटांचा होता, पण कुटुंब शेकडो मैल दूर होते. मुंबईच्या गिरणगावातही हेच घडले. कोकणातून आलेला कामगार चाळीतून चालत गिरणीत जाई आणि घरी मनीऑर्डर पाठवी. येथे रोजचे अंतर मिटले होते, पण त्याची किंमत कुटुंबाने वियोगाच्या रूपात भरली. मालकाला त्यातून शिफ्टच्या भोंग्यावर हजर होणारा माणूस मिळाला.

दुसरा पर्याय मेसचा. बंगाली कारकून कोलकात्यात अनेकांसोबत भाड्याने घर घेऊन राहत. सामाईक स्वयंपाकी ठेवत आणि शनिवारी संध्याकाळी गावी जात. मराठी वाचकाला गिरगावातल्या खोल्या आणि खाणावळी आठवतील. हा आठवड्यातून एकदाचा प्रवास होता.

तिसरा पर्याय 'डेली पॅसेंजर' होण्याचा. हा इंग्रजी शब्द बंगालीत इतका रुळला आहे की तो आता एका सामाजिक वर्गाचेच नाव वाटतो. मासिक पास, ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेले सोबती आणि पत्त्यांचा डाव ही त्याची ओळख. मुंबई-पुणे मार्गावर १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनच्या पासधारकांनी अशीच संस्कृती घडवली. गावातले वडिलोपार्जित घर, तळे आणि थोडी शेती न सोडता शहरातला पगार घेता येणे हे या पर्यायाचे आकर्षण होते.

रोज जाणारे सगळे कारकूनच होते असे समजू नये. पुलाच्या कोलकात्याकडील टोकाला मल्लिक घाटाचा फुलबाजार आहे. कोलाघाट, पांशकुडा या भागातून फुलांचे बोजे घेऊन शेतकरी आणि व्यापारी पहाटेच्या गाड्यांनी येथे येतात. मिठाईसाठी लागणारा छानाही लोकलच्या व्हेंडर डब्यातून शहरात येतो. ज्या मार्गाने फुले येतात तो मूळ बंगाल-नागपूर रेल्वेचा. नागपूरच्या बाजूने आलेली ही रेल्वे १९०० मध्ये हावड्याला जोडली गेली. १८९७ मध्ये सुरू झालेल्या हावडा-आमता आणि हावडा-शियाखाला या दोन फूट रुंदीच्या छोट्या रेल्वेंनी आतल्या खेड्यांना शहराशी जोडले. त्या १९७१ मध्ये बंद पडल्या. तेव्हा आमता परिसरातल्या माणसाची नोकरी तिथेच राहिली, पण तिथपर्यंतची वाट बदलली.

४. विजेचे पहिले वाहन ट्राम, दुसरे लोकल

आज 'विजेची गाडी' म्हटले की खासगी मोटार डोळ्यांसमोर येते. इतिहासात हा क्रम उलटा आहे. कोलकात्यात विजेची ट्राम २७ मार्च १९०२ रोजी एस्प्लनेड ते खिदिरपूर या मार्गावर सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत हावड्याच्या बाजूलाही शिबपूर आणि बांधाघाटकडे ट्राम धावू लागली. तरंगत्या पुलामुळे दोन्ही काठांचे ट्राममार्ग मात्र वेगळे राहिले.

ते जोडले गेले नव्या हावडा पुलामुळे. या पुलासाठी १९२६ मध्ये कायदा झाला, १९३६ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि ३ फेब्रुवारी १९४३ रोजी, युद्धाच्या धामधुमीत, कोणताही समारंभ न करता पूल खुला झाला. सुमारे २६,५०० टन पोलाद त्याला लागले आणि त्यातले २३,००० टन टाटांच्या कारखान्यातून आले. नदीच्या पात्रात एकही खांब नसल्यामुळे जहाज आणि कारकून यांचा जुना झगडा संपला. पुलावरून गेलेले पहिले वाहन ट्राम होते.

या पुलाचा खर्च कसा भागवला हे आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कोलकात्याच्या मालमत्ता करात 'हावडा ब्रिज टॅक्स' हा वेगळा रकाना आला आणि आजही तेथील घरमालकांना तो परिचित आहे. म्हणजे ज्याने पूल कधी ओलांडला नाही त्यानेही त्यासाठी पैसे दिले. त्यामागचे तत्त्व असे की माणसे कामावर वेळेवर पोहोचण्याचा फायदा संपूर्ण शहराला होतो.

विजेचे दुसरे वाहन म्हणजे लोकल. भारतातली पहिली विजेची रेल्वे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत धावली. हावड्याला तीस वर्षांहून अधिक थांबावे लागले. डिसेंबर १९५७ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते हावडा-शेवडाफुली विजेच्या लोकलचे उद्घाटन झाले. वाफेच्या इंजिनाला थांबून पुन्हा वेग घ्यायला वेळ लागतो, विजेची लोकल मात्र लवकर वेग पकडते. त्यामुळे थोड्या थोड्या अंतरावर स्टेशने ठेवूनही प्रवास जलद होऊ शकला.

याचा परिणाम काय झाला? प्रवासाचा वेळ घटून लोक घरी लवकर पोहोचू लागले, अशी आपली अपेक्षा असेल. प्रत्यक्षात रोजच्या प्रवासाचा पट्टा लांबत गेला. श्रीरामपूर, चंदननगर, बंडेल आणि पुढे सुमारे शंभर किलोमीटरवरच्या बर्धमानहूनही माणसे रोज येऊ लागली. वाहतूकतज्ज्ञ याकोव्ह झहावी यांनी १९७० च्या दशकात मांडलेली कल्पना येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते माणसे प्रवासासाठी साधारण ठरावीक वेळ देतात. वेग वाढला की ती वेळ वाचवण्याऐवजी अधिक लांब जातात. हा नियम सर्वत्र काटेकोर लागू पडत नाही, पण हावड्याच्या उपनगरी पट्ट्याचे लांबणे त्यातून बरेच उलगडते.

५. स्वस्त पास आणि त्यामागचे राजकारण

लोकलचा मासिक पास खर्चाच्या मानाने फार स्वस्त ठेवला गेला आहे. उपनगरी सेवेतला तोटा रेल्वे बहुतांशी मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून काढते. कोळसा, सिमेंट आणि धान्य वाहून मिळालेल्या पैशाचा एक हिस्सा श्रीरामपूरच्या कारकुनाला कामावर पोहोचवतो, असे म्हणता येईल.

२००९ मध्ये रेल्वेमंत्री ममता बॅनर्जी यांनी 'इज्जत' पास जाहीर केला. महिना १,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या व्यक्तीला १०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासासाठी २५ रुपयांत महिन्याचा पास मिळू लागला. घरकाम करणाऱ्या बाई, भाजी विकणारा, हमाल यांच्यासाठी दूरच्या कामाचा पर्याय त्यामुळे कागदावर तरी खुला झाला. अर्थतज्ज्ञ विल्यम अलॉन्सो यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार शहराच्या मध्यापासून दूर गेले की जमीन स्वस्त होते आणि प्रवास महाग होतो. कुटुंब या दोहोंचा मेळ घालते. स्वस्त पासमुळे या तराजूचे एक पारडे सरकार हलके करते. मात्र तिकीट स्वस्त करता आले तरी तास स्वस्त करता येत नाहीत. दोन तास लोकलमध्ये उभे राहणाऱ्या बाईच्या घरचे पाणी कोण भरते, मुलांचा अभ्यास कोण घेते, हा खर्च कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही.

६. मोटारीच्या गावाचे लोकल स्टेशन

हावड्याहून लोकलने निघालो की उत्तरपाडा आणि कोन्नगर यांच्यामध्ये 'हिंदमोटर' नावाचे स्टेशन लागते. हिंदुस्तान मोटर्सचा कारखाना १९४८ मध्ये येथे आला. १९५७-५८ पासून ॲम्बॅसडर मोटार येथेच तयार होऊ लागली आणि मे २०१४ मध्ये उत्पादन थांबले. त्या काळात मोटार ही मंत्री, अधिकारी, डॉक्टर आणि व्यापाऱ्यांची वस्तू होती. ती बनवणाऱ्या कामगारांच्या गावाची ओळख मात्र लोकलच्या स्टेशनावर लिहिलेली होती.

रस्त्यांचा काळ १९९० नंतर वेग घेतो. १० ऑक्टोबर १९९२ रोजी विद्यासागर सेतू खुला झाला. पुढच्याच वर्षी हावडा पुलावरची ट्राम बंद झाली. हावड्याच्या काठावरची ट्राम तर त्याआधीच, १९७०-७१ मध्ये, गेली होती. नोकऱ्यांची जागाही हलली. जुन्या डलहौसी चौकातल्या कचेऱ्यांऐवजी बिधाननगरच्या सेक्टर फाइव्हमध्ये संगणक कंपन्या आल्या. २०१३ मध्ये राज्य सचिवालय रायटर्स बिल्डिंगमधून शिबपूरच्या 'नबान्न' इमारतीत हलले. तेव्हा कोलकात्यात राहणाऱ्या अनेक सरकारी कर्मचाऱ्यांना उलट दिशेने नदी ओलांडावी लागली. घर तेच, हुद्दा तोच, प्रवास मात्र नवा.

७. विजेची मोटार: एक मांडलेला हिशेब

केंद्र सरकारने २०१५ मध्ये विजेच्या वाहनांसाठी 'फेम' योजना सुरू केली. २०१९ मध्ये तिचा १०,००० कोटी रुपयांचा दुसरा टप्पा आला. त्यात थेट अनुदान मुख्यतः बस, तीनचाकी, दुचाकी आणि व्यावसायिक मोटारींसाठी होते. खासगी मोटार घेणाऱ्याला फायदा मिळाला तो करातून: १ ऑगस्ट २०१९ पासून जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि एप्रिल २०१९ ते मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत प्राप्तिकर वजावट मिळाली.

आता एक उदाहरण करून पाहू. यातले आकडे समजण्यासाठी मानलेले आहेत. तुमच्या गावचे आकडे घालून हिशेब पुन्हा करावा. श्रीरामपूरच्या एका पदवीधर तरुणीला दोन नोकऱ्या मिळत आहेत. एक घराजवळ, दुसरी सेक्टर फाइव्हमध्ये आणि महिना १२,००० रुपये जास्त पगाराची. रोज जाऊन-येऊन ६० किलोमीटर आणि महिन्याचे २४ दिवस धरले, तर १,४४० किलोमीटर होतात.

पेट्रोलची मोटार लिटरला १५ किलोमीटर जाते आणि पेट्रोल १०५ रुपये आहे असे मानले, तर इंधनाचा खर्च सुमारे १०,०८० रुपये. विजेची मोटार एका युनिटला ७ किलोमीटर जाते आणि युनिट ८ रुपयांना आहे असे मानले, तर खर्च सुमारे १,६५० रुपये. लोकलचा पास आणि मेट्रो मिळून २,००० रुपये धरू. फक्त इंधन पाहिले तर विजेची मोटार लोकल आणि मेट्रोपेक्षाही स्वस्त दिसते.

पण मोटारीसाठी १० लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १६,१०० रुपये येतो. हप्ता आणि वीज मिळून १७,७५० रुपये. विमा आणि पार्किंग वेगळे. म्हणजे मोटारीने गेल्यास लांबची नोकरी जवळच्या नोकरीपेक्षा महिना ५,७५० रुपयांनी तोट्यात जाते. लोकल आणि मेट्रोने गेल्यास तीच नोकरी १०,००० रुपयांनी फायद्यात राहते. त्यासाठी रोज तीन तास, महिन्याचे ७२ तास द्यावे लागतात असे मानले, तर प्रवासातल्या एका तासाचे सुमारे १३९ रुपये मिळतात. हा दर पुरेसा आहे की नाही, हे प्रत्येकाने आपली तब्येत, घरची जबाबदारी आणि नोकरीतली पुढची संधी पाहून ठरवायचे आहे.

या हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. रात्रपाळी असेल, घरात आजारी माणूस असेल, किंवा दोघे-तिघे एकाच दिशेने जात असतील, तर मोटारीचे मोल पैशांत मोजण्याएवढेच राहत नाही. गाडी इतर कामांनाही येते. उलट जुन्या हावड्यातल्या अरुंद गल्ल्यांत गाडी उभी करायलाच जागा नसते, मग चार्जिंग कुठे करणार? आणि पुलावरची कोंडी इंधन पाहून वाट देत नाही.

पर्यावरणाचा मुद्दाही इतिहासाशी जोडलेला आहे. १८५५ मध्ये हावड्याची रेल्वे कोळशासाठी राणीगंजला गेली. आज हावडा-कोलकात्याला वीज पुरवणाऱ्या सीईएससीचे बजबज आणि हल्दिया येथील प्रकल्प कोळशावरच चालतात. विजेच्या मोटारीमुळे रस्त्यावरचा धूर थांबतो, हा खरा लाभ आहे. पण कोळसा जळण्याची जागा बऱ्याच अंशी दुसरीकडे सरकते. एकाच लोकलमध्ये हजारो माणसे त्याच विजेवर जातात, तेव्हा माणशी खर्च होणारी वीज कितीतरी कमी असते.

८. नदीखालून

६ मार्च २०२४ रोजी हावडा मैदान ते एस्प्लनेड या मेट्रोमार्गाचे उद्घाटन झाले. हुगळीच्या पात्राखालचा सुमारे ५२० मीटरचा भाग गाडी ४५ सेकंदांत पार करते. २२ ऑगस्ट २०२५ रोजी एस्प्लनेड ते सियालदह हा मधला तुकडा जोडला गेला आणि हावडा मैदानापासून सेक्टर फाइव्हपर्यंत १६.६ किलोमीटरचा सलग मार्ग झाला. वरच्या उदाहरणातली तरुणी २०१० मध्ये पदवीधर झाली असती, तर हावड्याला उतरून बसच्या रांगेत उभी राहिली असती आणि तिच्या तासांचा हिशेब वेगळा आला असता. तिच्या हुशारीत किंवा कष्टांत काहीच फरक नाही. फरक पडला तो सार्वजनिक पैशातून बांधलेल्या बोगद्यामुळे.

९. सारांश

हावड्याच्या पावणेदोनशे वर्षांत अंतराचा खर्च आळीपाळीने वेगवेगळ्यांवर पडला. गिरणी कामगाराने तो कुटुंबापासून दूर राहून भरला. हावडा पूल, लोकल आणि मेट्रो यांचा बराचसा भार समाजाने उचलला, तरी वेळ मात्र प्रवाशालाच द्यावा लागला. खासगी मोटारीत, ती पेट्रोलची असो की विजेची, मुख्य खर्च पुन्हा एका घरावर येतो. विजेने इंधनाचे बिल कमी केले आहे; हप्ता, जागा आणि रस्त्यावरची कोंडी यांना तिने हात लावलेला नाही. म्हणून नोकरी निवडताना 'मला गाडी परवडेल का?' या प्रश्नाच्या आधी 'गाडीशिवाय तिथे पोहोचता येते का, आणि येत नसेल तर का येत नाही?' हा प्रश्न विचारावा. त्याच्या उत्तरात आपल्या शहराचा इतिहास सापडतो.

१०. अभ्यासासाठी प्रश्न

१. तरंगता पूल (१८७४) आणि नवा हावडा पूल (१९४३) यांनी रोजच्या प्रवासात कोणते बदल घडवले? तुलना करा.
२. ताग गिरणीची लाइन, मेस आणि डेली पॅसेंजर या तीन पर्यायांत अंतराचा खर्च कोणावर पडला ते सांगा.
३. 'वेग वाढला की वेळ वाचत नाही, अंतर वाढते.' हावडा-बर्धमान पट्ट्याच्या आधारे हे विधान तपासा.
४. भाग ७ मधला हिशेब तुमच्या गावच्या दोन नोकऱ्यांसाठी करा. कोणता एक आकडा बदलला तर तुमचा निर्णय उलटतो?
५. घरातल्या मागच्या दोन पिढ्यांतील व्यक्तींना त्या कामावर कशा जात होत्या ते विचारा. त्यांनी नाकारलेली एखादी नोकरी आणि ती नाकारण्याचे कारण टिपून ठेवा.